कपाटावर चादर कशाला?

आधीच सांगून टाकते, हा लेख भांडणाचा आहे. ज्यांच्याशी भांडायचं आहे ती मंडळी इथे येऊन वाचतात हे मला ठाऊक आहे, किंबहुना म्हणूनच इथे लिहिते आहे. फोनवर बोलायला गेलं की तिसऱ्या वाक्याला "जाऊ द्या ना वहिनी" होतं आणि मुद्दा तिथेच राहतो. लिहिलेलं निदान मध्येच तोडता येत नाही.

विषय आमच्या धुळ्याच्या पुतण्याचा. वय एकतीस, बँकेत नोकरी, सुपारीचंही व्यसन नाही. त्याच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे आणि त्या कपाटात बारा-बारा इंचांचे बाहुले ओळीने उभे आहेत. इंग्रजी सिनेमातले दोन-चार वीर, एक जपानी सामुराई, आणि त्याने स्वतः कपडे शिवलेले आपले मावळे. सध्या त्याच्यासाठी मुली बघणं चालू आहे. पाहुणे येणार म्हटलं की त्या कपाटावर चादर पडते. मागच्या महिन्यात मला निरोप आला, "तो तुमचं ऐकतो, तुम्हीच समजवा. निदान लग्न ठरेपर्यंत ते सगळं माळ्यावर जाऊ द्या."

मी समजावणार नाही. का नाही, ते सविस्तर सांगते. चाळीस वर्षं मास्तरकी केली आहे, थोडक्यात सांगायची सवय नाही. :)

पहिला आक्षेप असा की पुरुषासारखा पुरुष आणि बाहुल्यांना कपडे घालतो. बरं. आता थोडा इतिहास. १९६४ साली अमेरिकेत हासब्रो कंपनीने मुलग्यांसाठी 'जी. आय. जो' नावाचा सैनिक बाजारात आणला. उंची जवळजवळ बारा इंच, अंगात खऱ्या कापडाचा गणवेश, गणवेश बदलता येणारा. म्हणजे सरळ सरळ बाहुली. पण 'बाहुली' म्हटलं तर आईबाप मुलासाठी विकत घेणार नाहीत ही कंपनीला धास्ती. म्हणून त्यांनी नवा शब्द काढला, 'अ‍ॅक्शन फिगर'. वस्तू तीच, बारसं दुसरं! तेव्हा ज्या लाजेपोटी तुम्ही चादर टाकता, ती लाज साठ वर्षांपूर्वी तिकडच्या दुकानदारांनाही होती, आणि त्यांनी एका शब्दाने ती मिटवली. पुढे १९८२ साली तोच जो पावणेचार इंचांचा झाला आणि त्याचे कपडेही प्लास्टिकमध्येच ओतलेले आले. आपल्याकडे फनस्कूलने काढलेले ते छोटे सैनिक नव्वदच्या दशकात ज्यांच्या ज्यांच्या घरी होते, ती मुलं आज चाळिशीत आहेत. (त्यातले दोघे या लेखाचे आरोपी आहेत. त्यांच्याकडे अकरा सैनिक होते आणि मी ते दिवाळीच्या किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या शेजारी बंदुका घेऊन उभे असलेले पाहिले आहेत.)

तिकडचं सोडा. आपल्याकडे मूर्तीला, बाहुलीला वस्त्र नेसवणं हे बायकी काम कधी होतं? पंढरपूरला विठोबाला रोज पोशाख कोण करतं? पुरुष. कोल्हापूरला अंबाबाईला नवरात्रात रोज वेगळ्या रूपात कोण सजवतं? तिथले श्रीपूजक, पुरुषच. आणि हे काम किती किरकोळ समजलं जातं बघा. जून २०१७ मध्ये अंबाबाईला साडीऐवजी घागरा-चोळी नेसवली गेली, तर कोल्हापुरात केवढं आंदोलन उभं राहिलं! पुजारी हटवा अशी मागणी झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पगारी पुजारी नेमण्याचा कायदा विधिमंडळाने केला. एका पोशाखावरून कायदा झाला हो. आता देवीची गोष्ट वेगळी, श्रद्धा वेगळी, हे मला कळतं. मी बाहुल्याला देव म्हणत नाहीये. पण मूर्तीच्या अंगावर काय आहे, कसं नेसवलंय, याने माणसं हलतात, एवढं तरी मान्य कराल?

देव नको असतील तर पिंगुळीला चला. कुडाळजवळच्या त्या गावात ठाकर समाजाची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवतात. लाकडाच्या बाहुल्या, अंगावर कापडाचे कपडे. बाहुल्या नाचवणारे आणि त्यांना नटवणारे बाप्येच. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. किंवा आपले अर्धवटराव घ्या. यशवंत केशव पाध्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात घडवलेला तो बोलका बाहुला, पुढे रामदास पाध्यांनी तो घरोघरी पोचवला, त्याने शंभरी केव्हाच ओलांडली. त्याच्या अंगावरचा कोट कोणीतरी शिवला असेल, झटकला असेल, उसवला तेव्हा टाका घातला असेल ना? टीव्हीवर तो आला की तुम्ही सगळे सतरंजीवर मांडी घालून बसायचात. तेव्हा कुणी नाही म्हणालं, हा मोठा माणूस बाहुल्याशी काय खेळतो म्हणून.

आणि हे टोमणे कुठे मारले गेले? कानबाईच्या दिवशी! खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. रोटांसाठी सगळे भाऊबंद एका घरी जमतात. नारळाला डोळे, नाक, नथ लावायची, नवं वस्त्र, दागिने घालायचे, चौरंगावर बसवायचं, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी नदीवर पोचवायचं. तर एका खोलीत तीन बायका आणि दोन पुरुष मिळून नारळाच्या वस्त्राच्या निऱ्या चोपून बसवतायत, आणि पलीकडच्या खोलीत त्याच घरातले वडीलधारे पोराला म्हणतायत, "आते काय बाहुल्या खेळाना दिन शेतस का तुना?" तो बिचारा हसला आणि रोटाचा डबा उचलून आत निघून गेला. मला राग आला तो तिथे. त्या निऱ्या बसत नव्हत्या, नव्या कापडाला कांजी फार होती. शेवटी त्यालाच बोलावलं. त्याने फडकं ओलं करून निरीला नुसता हात लावला, बोटांनी दाबून धरली, आणि वाळेस्तोवर दोन चिमटे लावून ठेवले. बसली निरी. टोमणा मारणारे "वा" म्हणाले. कशाला, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आता त्या कामाविषयी थोडं, कारण टीका करणाऱ्यांपैकी एकानेही ते कपाट उघडून पाहिलेलं नाही. मी पाहिलं आहे. दोन वेळा मुक्कामाला जाऊन नीट पाहिलं आहे.

बारा इंची बाहुला म्हणजे माणसाचा सहावा हिस्सा. माणूस सहापट लहान करता येतो, पण कापड सहापट लहान करता येत नाही, सगळी मेख इथे आहे. आपल्या सदऱ्याचं कापड त्या बाहुल्याला घातलं तर ते गोणपाट दिसतं, कारण सुताची जाडी तीच राहते. शिवण दुमडली की तिथे गाठ आल्यासारखी फुगते. आणि कापडाला वजन नसल्यामुळे ते खाली पडतच नाही, परकरासारखं फुलून उभं राहतं. म्हणून तो जुनी, धुऊन धुऊन विरत आलेली मलमल शोधतो. आमच्या मामंजींचं एक धोतर होतं, अमळनेरच्या प्रताप मिलचं आहे असं ते सांगायचे. ते धोतर ट्रंकेत कुजत होतं. त्यातून त्याने चार मावळ्यांचे अंगरखे काढले. टाके इतके बारीक की मी भिंग घेऊन मोजले. मी शाळेत मराठीबरोबर मुलींचा शिवणाचा तासही घेत असे. धावदोरा, उलटी टीप, हेम, काज, सगळं घोटून घेतलं आहे. माझ्या पस्तीस वर्षांत असं हेम करणाऱ्या मुली पाच-सहा निघाल्या असतील. मुलग्यांना तेव्हा त्या तासाला बाहेर सुतारकामाला पाठवत. नियमच होता तसा.

मग रंग. मावळा दुकानातून घडी उघडून आलेला दिसला तर तो मावळा कसला? त्याच्या चोळण्याला गुडघ्यापाशी माती हवी, मुंडाशाच्या कडेला घामाचा पिवळटपणा हवा, कमरेच्या शेल्याला जिथे तलवार घासते तिथे झिजल्याची रेघ हवी. हे सगळं तो रंगाने करतो. अ‍ॅक्रिलिक रंग नुसता लावला तर कापड पापडासारखं कडक होतं आणि हात वाकवला की तडकतं. म्हणून त्यात कापडासाठीचं माध्यम मिसळायचं, पाणी घालून अगदी पातळ करायचं, आणि एका जाड हाताऐवजी पाच-सहा फिके हात द्यायचे, प्रत्येक हात वाळवून. आधी आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी लावून बघायचं. किनारीला कोरडा ब्रश, म्हणजे रंग जवळजवळ पुसून टाकलेला ब्रश, नुसता फिरवायचा. झगा वाऱ्यावर उडतोय असं हवं असेल तर दुमडीत केसाएवढी तार घालायची. एका अंगरख्याला तीन आठवडे लागले.

इथे माझं आणि त्याचंही भांडण आहे, तेही नोंदवते. कापड जुनाट दिसावं म्हणून त्याने एकदा चहाच्या पाण्यात बुडवलं. तिकडचे बरेच हौशी लोक हे करतात म्हणे. मी त्याला सांगितलं, चहात टॅनिन असतं, आम्ल असतं, आज छान रंग येईल पण सूत आतून खाल्लं जाईल, वीस वर्षांनी बोट लावशील तर तुकडा हातात येईल. पाहिजे तर रंगाने जुनं कर, पण खरोखर जुनं करू नको. तसंच खऱ्या मातीचं. आपली काळी माती चोळली तर झकास दिसते, पण मातीचा कण म्हणजे बारीक कानस, सूत कापत बसतो. चहाबद्दल त्याला पटलं. मातीबद्दल अजून वाद चालू आहे.

आणि निगा! धुळे-जळगावात राहणाऱ्याला कापडाची निगा वेगळी शिकवायला नको. मे महिन्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीसचं ऊन, आणि धूळ तर विचारूच नका. ऊन हा कापडाचा पहिला शत्रू, आधी रंग उडतो, मग सूतच ठिसूळ होतं. धूळ नुसती बसत नाही, ती सुतात शिरते, आणि ओल्या फडक्याने पुसायला गेलं की तिचा चिखल होऊन डाग कायमचा. म्हणून मऊ ब्रशने, वरून खाली, हलक्या हाताने. गडद लाल, काळं किंवा निळं कापड प्लास्टिकच्या अंगावर वर्षभर तसंच राहिलं तर त्याचा रंग त्या अंगात उतरतो आणि मग निघत नाही, म्हणून नवं कापड आधी धुऊन रंग जातो का ते बघायचं, आत पातळ पांढरं अस्तर घालायचं. नकली चामड्याचे पट्टे आणि कोट दमट हवेत पापुद्रे सुटून गळतात, त्याला तर उपायच नाही, ते बदलावेच लागतात. डांबराच्या गोळ्या कपाटात टाकायच्या नाहीत, त्यांची वाफ काही जातींच्या प्लास्टिकला मऊ करते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचं नाही, सुती फडक्यात गुंडाळायचं.

वाचताना काही आठवलं का? बायकांनो, तुमच्या लग्नातला शालू तुम्ही कसा ठेवता? मलमलीत गुंडाळून. सहा महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घालता, नाहीतर जर घडीवरच तुटते. अत्तर लावत नाही, जर काळी पडते म्हणून. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ किंवा समर्थ वाग्देवता मंदिर ज्यांनी आतून पाहिलं असेल त्यांना जुन्या पोथ्या, दप्तरं रुमालात बांधून ठेवायची रीत सांगायला नको. कापड वाऱ्याला अडवत नाही, उजेडाला आणि धुळीला अडवतं. ही विद्या आपल्या घरातली आहे. सासूकडून सुनेकडे जाते आणि तिथे तिला "संसार सांभाळते" म्हणतात. तीच विद्या पोराने उचलली की "काय हे!"

दुसरा आक्षेप पैशाचा. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. हाँगकाँगच्या हॉट टॉइजसारख्या कंपन्यांचा एकेक बाहुला वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातो, आणि पहिल्या पगारात त्याने तसे दोन घेतले हे मलाही आवडलं नव्हतं. पण गेली चार वर्षं तो नुसतं उघडं अंग विकत घेतो, त्याला बरेच कमी पडतात, आणि कपडे स्वतः करतो. खर्च दोरा, सुई, रंगाच्या बाटल्या आणि वेळ. याच घरात दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या मोबाइलचा हिशोब मागितला तर? असो.

खरा अपव्यय कुणाचा, तर पेटीच न उघडणाऱ्यांचा. असेही शौकीन असतात, खोक्याची टेपसुद्धा काढत नाहीत, कारण बंद खोक्याला भाव जास्त. १९७८ साली केनर कंपनीने 'स्टार वॉर्स'मधला जावा नावाचा बुटका काढला, त्याला आधी प्लास्टिकचा झगा होता. तो स्वस्तातला दिसतो म्हणून लवकरच कापडाचा झगा दिला. आज तो प्लास्टिकचा झगा दुर्मीळ म्हणून हजारो डॉलरला जातो, लोक त्याच्या नकला करून फसवतातही. आणि कापडाचा, जो मुलांनी खेळून खेळून विटवला, त्याला कोणी विचारत नाही. याला मी संग्रह म्हणत नाही, सट्टा म्हणते. आमचा पुतण्या खोकं पहिल्या दिवशी उघडतो आणि रद्दीत देतो. तिकडचे शौकीन ऐकतील तर त्यांना झीट येईल.

जाता जाता आपल्या गणपतींबद्दलही बोलते, विषय निघालाच आहे. हल्ली मूर्तीला खऱ्या कापडाचं धोतर, शेला, फेटा घालून आणतात. दिसतं सुंदर, त्याबद्दल तक्रार नाही. पण कित्येक ठिकाणी ते गोंदाने कायमचं चिकटवलेलं असतं, वर खडे चिकटवलेले. विसर्जनाच्या वेळी निघत नाही, तसंच पाण्यात जातं. नेसवायचं असेल तर नेसवा ना, निरी घालून, गाठ मारून, काढता येईल असं! आमच्या लहानपणी भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसायची, अजूनही बसते. ती मातीची, तिचं पातळ रंगाचंच, काठ ब्रशने काढलेला. रंगाचं वस्त्र असेल तर रंगाचं असू दे, कापडाचं असेल तर कापडाचं. चिकटवलेलं हे ना धड नेसवलेलं, ना धड रंगवलेलं. पुतण्या या बाबतीत माझ्यापेक्षा कडक आहे. त्याच्या एकाही बाहुल्याच्या अंगाला कापड चिकटवलेलं नाही, सगळ्यांचे कपडे उतरवता येतात, आत बारीक टिचबटणं आहेत. ती गंजून कापडाला डाग पडू नये म्हणून पावसाळ्यात उघडून पुसतो.

आता मुख्य गोष्ट, स्थळाची. तुम्ही म्हणता, मुलीकडचे बघतील तर काय म्हणतील? म्हणू द्या की. जी मुलगी त्या घरात जन्म काढायला येणार, तिला ते कपाट लग्नानंतर आठव्या दिवशी दिसणारच आहे. तेव्हा चादर तिच्यासमोर ओढणार का? तिने आधी पाहिलं आणि नकार दिला, तर दोघांचंही भलं. तिने पाहिलं आणि विचारलं, "हा फेटा कसा बांधला?", तर तुमच्या चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात दोन माणसं पहिल्यांदा एकमेकांशी बोलतील. तुम्ही आजवर तीन स्थळं दाखवलीत. तिन्ही वेळा तो मान खाली घालून "हो", "नाही" एवढंच बोलला, आणि तुम्हीच मला सांगितलंत की पोरगा घुमा आहे. घुमा? माझ्याशी तो शेल्याच्या गाठीवर दीड तास बोलला. ज्याविषयी त्याला बोलता येतं तेच तुम्ही झाकून ठेवता आणि मग म्हणता बोलत नाही.

अजून एक. मुलगी भरतकाम करते, रांगोळी काढते, हे बायोडाटात लिहून येतं. आपण वाचून माना डोलावतो. मुलाच्या बायोडाटात "छंद : वाचन, क्रिकेट" लिहिलंय. त्याने शेवटची बॅट धरली ती अकरावीत. हे खोटं कोणी लिहिलं? ते मी बदलायला सांगणार आहे, आणि नवा मजकूर मीच लिहून पाठवते. शुद्धलेखनाच्याही दोन चुका आहेत त्यात.

येत्या रविवारी नाशिकहून पाहुणे येताहेत असं कळलं. मी शनिवारी दुपारच्या गाडीने धुळ्याला पोचते आहे. चादर धुवायला टाका. त्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीला मात्र जाड पडदा लावून घ्या, दुपारचं ऊन सरळ मधल्या फळीवर येतं आणि डावीकडच्या मावळ्याच्या मुंडाशाचा तांबडा रंग एका बाजूने उतरायला लागला आहे.